अंकपाश

दिलेल्या अंकांपासून, दिलेल्या अटी पाळून, एकूण किती संख्या तयार करता येतील हे त्या सर्व संख्या प्रत्यक्ष न लिहिता काढण्याच्या गणिताला भारतीय परंपरेत अंकपाश असे म्हणतात. भास्कराचार्यांच्या लीलावती (इ.स. ११५०) या ग्रंथातील शेवटच्या प्रकरणाचे हेच नाव आहे. आधुनिक गणितात हा विषय क्रमचय व समचय या शाखेत मोडतो. पिन कोड, दूरध्वनीचा एसटीडी कोड, वाहनाचा नोंदणी क्रमांक, कुलपाचा किंवा एटीएमचा गुप्त क्रमांक अशा ज्या ज्या ठिकाणी मोजक्या अंकांवर मोठी व्यवस्था चालते, त्या त्या ठिकाणी याच मोजणीचा उपयोग होतो. या लेखातील बरीचशी उदाहरणे महाराष्ट्रातील जालना जिल्ह्याच्या प्रचलित क्रमांकांवरून घेतली आहेत. जालना शहराच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिन कोड ४३१२०३, शहराचा एसटीडी कोड ०२४८२ आणि जिल्ह्याची वाहन नोंदणी एमएच २१ या संकेताने होते.

अंकपाशातील उत्तर दोन प्रश्नांवर अवलंबून असते. एक अंक पुन्हा वापरता येतो काय, आणि आरंभी शून्य चालते काय, हे ते दोन प्रश्न होत. अंक तेच असले तरी या दोहोंची उत्तरे बदलताच एकूण संख्याही बदलते.

नाव व इतिहास

पाश म्हणजे फास किंवा दोरीचा वेढा. अंक एकमेकांत गुंफले जाऊन निरनिराळी रूपे तयार होतात, म्हणून या प्रकरणाला अंकपाश हे नाव शोभते. प्रकरणाच्या अखेरीस भास्कराचार्यांनी थोडी मिश्कील टिप्पणी केली आहे. या प्रश्नांत गुणक, भाजक, वर्ग किंवा घन यांपैकी काहीच विचारलेले नसते, तरीही गर्विष्ठ गणकांची येथे हमखास फजिती होते, असा तिचा आशय आहे. आकडेमोड सोपी असूनही अट वाचण्यात चूक होते, हा आजच्या विद्यार्थ्यांचाही अनुभव आहे.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ (इ.स. १११४) मध्ये झाला. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ रचला व लीलावती हा त्याचाच पाटीगणिताचा भाग होय. त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आढळते. हा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. कोकणातील नांदगावचे ज्योतिषी गणेश दैवज्ञ यांनी इ.स. १५४५ मध्ये लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली, तर हेन्री टॉमस कोलब्रुक यांचे इंग्रजी भाषांतर १८१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

मांडण्या मोजण्याची परंपरा भास्कराचार्यांच्याही आधीची आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघू व गुरू यांच्या सर्व शक्य रचनांचा विचार आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी गणितसारसंग्रहात दिलेल्या वस्तूंमधून काही वस्तू निवडण्याचा सर्वसाधारण नियम दिला. भास्कराचार्यांनंतर नारायण पंडित यांनी गणितकौमुदी (इ.स. १३५६) या ग्रंथात अंकपाशाला स्वतंत्र विस्तृत प्रकरण दिले.

मराठवाड्याशी या विषयाचा निकटचा संबंध शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकर या ग्रंथामुळे येतो. तेराव्या शतकात देवगिरीचा यादव राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव हिशेब व दप्तराचा अधिकारी होता. देवगिरी म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील दौलताबाद. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी स्वतंत्र होईपर्यंत त्याचा बहुतेक भाग याच जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात, मोडत असे. शार्ङ्गदेवाने सात स्वरांच्या सर्व क्रमांची मोजणी केली व ती ५०४० इतकी दिली. स्वरांच्या जागी अंक ठेवले की हा प्रश्न अंकपाशाचाच होतो.

मूलतत्त्व

एक काम क्रमाने अनेक टप्प्यांत करावयाचे असेल आणि प्रत्येक टप्प्याला किती पर्याय आहेत हे माहीत असेल, तर ते काम करण्याचे एकूण प्रकार त्या पर्यायांच्या गुणाकाराइतके असतात. याला गुणाकाराचे मूलतत्त्व म्हणतात. संख्या तयार करताना प्रत्येक स्थान, म्हणजे एकक, दशक, शतक इत्यादी, हा एकेक टप्पा समजावा.

१, २, ३, ४ हे चार अंक एकेकदा वापरून चार अंकी संख्या तयार करावयाच्या आहेत असे समजू. पहिल्या स्थानी चारांपैकी कोणताही अंक येऊ शकतो. तो ठरला की दुसऱ्या स्थानासाठी तीन, तिसऱ्यासाठी दोन आणि शेवटच्या स्थानासाठी एकच अंक उरतो. म्हणून एकूण संख्या

४ × ३ × २ × १ = २४

१ पासून न पर्यंतच्या सर्व पूर्ण संख्यांच्या गुणाकारास न चे क्रमगुणित म्हणतात व ते न! असे लिहितात. ५! = १२०, ६! = ७२०, ७! = ५०४०, ८! = ४०३२०. लीलावतीत २ ते ९ या आठ अंकांपासून होणाऱ्या आठ अंकी संख्या विचारल्या आहेत व त्यांचे उत्तर ४०३२० हेच आहे. शंकराच्या दहा हातांतील दहा आयुधे व विष्णूच्या चार हातांतील गदा, चक्र, कमळ व शंख ही आपापसांत बदलली तर मूर्तींचे किती भेद होतील, असाही प्रश्न तेथे आहे. त्यांची उत्तरे अनुक्रमे १० ! = ३६२८८०० आणि ४! = २४ अशी येतात.

सर्व अंक वापरावयाचे नसतील तर गुणाकार मध्येच थांबतो. १ ते ९ या अंकांतून, पुनरावृत्ती न करता, सहा अंकी संख्या किती, या लीलावतीतील प्रश्नाचे उत्तर ९ × ८ × ७ × ६ × ५ × ४ = ६०४८० आहे. पुनरावृत्तीस मुभा असेल तर प्रत्येक स्थानाचे पर्याय कमी होत नाहीत आणि हेच उत्तर ९ × ९ × ९ × ९ × ९ × ९ = ५३१४४१ होते.

शून्याचा अंतर्भाव

दिलेल्या अंकांत शून्य असल्यास काळजी घ्यावी लागते, कारण संख्येच्या आरंभी आलेल्या शून्याला किंमत नसते. ०२४ ही तीन अंकी संख्या नव्हे, ती २४ ही दोन अंकी संख्या आहे.

४३१२०३ या पिन कोडात ०, १, २, ३, ४ हे पाच वेगवेगळे अंक आले आहेत. यांपासून तीन अंकी संख्या तयार करताना निरनिराळ्या अटींनुसार पुढील उत्तरे मिळतात.

पुनरावृत्ती नसताना: शतकस्थानी शून्य वर्ज्य असल्याने तेथे ४ पर्याय आहेत. दशकस्थानी वापरलेला अंक वगळून, पण शून्य धरून, पुन्हा ४ पर्याय येतात. एककस्थानी ३ पर्याय उरतात. एकूण ४ × ४ × ३ = ४८.

पुनरावृत्ती चालत असताना: ४ × ५ × ५ = १००.

पुनरावृत्ती नसताना ३०० पेक्षा मोठ्या संख्या: शतकस्थानी ३ किंवा ४ हवा. एकूण २ × ४ × ३ = २४.

पुनरावृत्ती नसताना सम संख्या: एककस्थानी ०, २ किंवा ४ हवा. येथे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. एककस्थानी शून्य असेल तर शतकस्थानी ४ व दशकस्थानी ३ पर्याय मिळून १२ संख्या होतात. एककस्थानी २ किंवा ४ असेल तर शतकस्थानी शून्य व तो अंक वगळून ३ पर्याय आणि दशकस्थानी ३ पर्याय राहतात. अशा संख्या २ × ३ × ३ = १८. एकूण सम संख्या १२ + १८ = ३०.

पुनरावृत्ती नसताना विषम संख्या: एककस्थानी १ किंवा ३ हवा. एकूण २ × ३ × ३ = १८. सम व विषम मिळून ३० + १८ = ४८ होतात. असा पडताळा घेतल्यास प्रकार सुटला किंवा दोनदा मोजला गेला असेल तर लगेच लक्षात येते.

पुनरावृत्ती नसताना ३ ने विभाज्य संख्या: ३ ची कसोटी अंकांच्या बेरजेवर आहे, म्हणून स्थानांऐवजी अंकांचे गट निवडावे लागतात. बेरीज ३ च्या पटीत येणारे गट चार आहेत: ०, १, २, ०, २, ४, १, २, ३, आणि २, ३, ४. शून्य असलेल्या प्रत्येक गटापासून ४ आणि शून्य नसलेल्या प्रत्येक गटापासून ६ संख्या होतात. एकूण ४ + ४ + ६ + ६ = २०.

या उदाहरणांतून कामाचा एक नियम निघतो. ज्या स्थानावर सर्वांत कडक अट आहे ते स्थान आधी भरावे. एकाच वेळी दोन स्थानांवर अटी असतील आणि शून्य दोन्हींशी निगडित असेल, तर शून्य कोठे आहे यावरून प्रकार पाडावेत.

संख्या आणि क्रमांक

व्यवहारात आपण संख्या आणि क्रमांक हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. मोजणीत मात्र त्यांचा भेद महत्त्वाचा ठरतो. संख्या एखादे परिमाण सांगते आणि तिच्या आरंभीचे शून्य निरर्थक असते. क्रमांक किंवा संकेतांक ही केवळ ओळख पटवणारी अंकांची ओळ असते आणि तिच्यातील प्रत्येक स्थान, शून्यासह, मोजले जाते. जालना जिल्ह्याचे तीन क्रमांक या दृष्टीने तीन वेगवेगळे प्रकार दाखवतात.

पिन कोड सहा अंकी असतो आणि त्याचा पहिला अंक शून्य नसतो. ही पद्धत केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी व संस्कृतचे अभ्यासक श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली आणि ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पहिला अंक टपाल विभाग दाखवतो व महाराष्ट्राचे पिन कोड ४ ने सुरू होतात. अशा रचनेत शक्य असलेल्या सहा अंकी क्रमांकांची कमाल मर्यादा ९ × १० × १० × १० × १० × १० = ९ लाख आहे.

एसटीडी कोडच्या आरंभी मात्र शून्य असतेच. ०२४८२ मधील शून्य गाळल्यास २४८२ ही चार अंकी संख्या उरते व परगावाहून फोन लावताना तेवढ्याने काम भागत नाही.

वाहन क्रमांकात एमएच २१ या संकेतानंतर मालिकेची अक्षरे व शेवटी चार अंकांचा भाग येतो. हा भाग ०००१ पासून ९९९९ पर्यंत चालतो, म्हणून एका मालिकेत ९९९९ क्रमांक बसतात. ज्यांच्या आरंभी शून्य नाही अशा चार अंकी संख्या फक्त ९ × १० × १० × १० = ९००० आहेत. दोन्हींतील फरक ९९९ आहे आणि तो सर्वस्वी आरंभीच्या शून्यामुळे पडतो. मालिकेसाठी इंग्रजी वर्णमालेतील आय व ओ ही अक्षरे १ व ० यांच्याशी गोंधळ होऊ नये म्हणून वगळली जातात. उरलेल्या २४ अक्षरांपासून दोन अक्षरी मालिका २४ × २४ = ५७६ होतात आणि सर्व मालिका मिळून क्रमांकांची तात्त्विक मर्यादा ५७६ × ९९९९ = ५७,५९,४२४ येते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेएकोणीस लाख होती. म्हणजे जिल्ह्याला दिलेला हा क्रमांकांचा साठा त्या लोकसंख्येच्या जवळजवळ तिप्पट आहे. अक्षरांची मालिका नसती व केवळ चार अंकांवर काम चालवावयाचे असते, तर दहा हजारावे वाहन नोंदवतानाच अडचण आली असती.

चारही अंक वेगळे असलेले वाहन क्रमांक एका मालिकेत १० × ९ × ८ × ७ = ५०४० असतात. उरलेल्या ४९५९ क्रमांकांत किमान एक अंक पुन्हा आलेला असतो. ५०४० हीच संख्या ७! ची, म्हणजे शार्ङ्गदेवाच्या सात स्वरांच्या क्रमांची आहे. १० × ९ × ८ × ७ आणि ७ × ६ × ५ × ४ × ३ × २ × १ हे दोन वेगळे गुणाकार योगायोगाने सारखे येतात.

समान अंक

दिलेल्या अंकांत एकच अंक अनेकदा आला असेल तर सर्व अंक वेगळे मानून काढलेल्या उत्तरात तीच संख्या अनेकदा मोजली जाते. सारखे अंक आपापसांत बदलले तरी संख्या बदलत नाही. म्हणून एकूण क्रमगुणितास सारख्या अंकांच्या क्रमगुणिताने भागावे, असा भास्कराचार्यांचा नियम आहे. २, २, १, १ या अंकांपासून ४! ÷ (२! × २!) = ६ संख्या होतात: ११२२, १२१२, १२२१, २११२, २१२१, २२११. ४, ८, ५, ५, ५ या अंकांपासून ५! ÷ ३! = २० संख्या होतात. ही दोन्ही उदाहरणे लीलावतीतील आहेत.

जालना जिल्ह्याच्या स्थापनेचे वर्ष १९८१ घेतले तर त्यात १ हा अंक दोनदा आहे. या अंकांची अदलाबदल करून ४! ÷ २! = १२ चार अंकी संख्या मिळतात.

४३१२०३ मध्ये ३ हा अंक दोनदा आहे आणि एक शून्य आहे. सर्व मांडण्या ६! ÷ २! = ३६०. त्यांपैकी आरंभी शून्य असलेल्या मांडण्या ५! ÷ २! = ६०. म्हणून या अंकांपासून होणाऱ्या सहा अंकी संख्या ३६० − ६० = ३०० आहेत. त्याचप्रमाणे ०२४८२ या अंकांच्या सर्व मांडण्या ५! ÷ २! = ६०, आरंभी शून्य असलेल्या १२ आणि खऱ्या अर्थाने पाच अंकी संख्या ४८. एसटीडी कोड म्हणून ज्या ओळी चालतील त्या या १२ आहेत, संख्या म्हणून चालतील त्या ४८. अंक तेच, पण एका अर्थाने ग्राह्य असलेली प्रत्येक ओळ दुसऱ्या अर्थाने अग्राह्य ठरते.

समान अंकांच्या नियमाचा एक अनपेक्षित परिणाम बटनांच्या कुलपात दिसतो. चार अंकी गुप्त क्रमांकाच्या कुलपावर सतत वापरामुळे चार बटने झिजलेली दिसत असतील, तर क्रमांकात ते चार अंक एकेकदा आले आहेत हे उघड होते व तपासण्याजोगे क्रमांक ४! = २४ उरतात. तीनच बटने झिजलेली असतील तर त्यांपैकी कोणता तरी एक अंक दोनदा आलेला आहे. तो अंक तीन प्रकारे निवडता येतो आणि प्रत्येक निवडीत ४! ÷ २! = १२ मांडण्या होतात. एकूण क्रमांक ३ × १२ = ३६. कमी अंक वापरूनही शक्यता वाढतात, कारण कोणता अंक पुन्हा आला हे पाहणाऱ्यास कळत नाही. दोनच बटने झिजलेली असतील तर मात्र २ × २ × २ × २ − २ = १४ इतक्याच शक्यता राहतात.

तयार होणाऱ्या सर्व संख्यांची बेरीज

भास्कराचार्यांनी केवळ संख्यांची मोजणीच केली नाही, तर त्या सर्वांची बेरीजही विचारली. रीत अशी: संख्यांच्या मोजणीस अंकांच्या मोजणीने भागावे, आलेल्या उत्तरास अंकांच्या बेरजेने गुणावे, आणि तो गुणाकार प्रत्येक स्थानी एकेक घर सरकवून लिहून बेरीज करावी. स्थानांतर करून बेरीज घेणे म्हणजेच तीन अंकांसाठी १११ ने, चार अंकांसाठी ११११ ने गुणणे होय.

३, ९, ८ या अंकांपासून ६ संख्या होतात. ६ ÷ ३ = २, अंकांची बेरीज २०, गुणाकार ४० आणि ४० × १११ = ४४४०. कारण असे की प्रत्येक स्थानी प्रत्येक अंक सारख्याच वेळा, येथे दोनदा, येतो. २ ते ९ या आठ अंकांच्या ४०३२० संख्यांची बेरीज याच रीतीने २४६३९९९९७५३६० येते. समान अंक असतानाही रीत बदलत नाही. १, ९, ८, १ या अंकांच्या बारा संख्यांसाठी १२ ÷ ४ = ३, अंकांची बेरीज १९, गुणाकार ५७ आणि उत्तर ५७ × ११११ = ६३३२७.

शून्य असल्यास ही रीत दोनदा वापरावी लागते. ०, १, २, ३, ४ यांच्या पुनरावृत्तीविना होणाऱ्या सर्व तीन अंकी मांडण्या, आरंभीचे शून्य धरून, ६० आहेत. प्रत्येक स्थानी प्रत्येक अंक १२ वेळा येतो, म्हणून बेरीज १२ × १० × १११ = १३३२०. शून्याने सुरू होणाऱ्या १२ मांडण्या म्हणजे १, २, ३, ४ यांच्या दोन अंकी संख्या होत व त्यांची बेरीज ३ × १० × ११ = ३३०. वजाबाकी केल्यास ४८ तीन अंकी संख्यांची बेरीज १२९९० मिळते.

अंकांची बेरीज ठरलेली असताना

लीलावतीतील अंकपाशाचा शेवटचा प्रश्न वेगळ्या स्वरूपाचा आहे. अंक दिलेले नाहीत, फक्त स्थाने पाच आहेत आणि अंकांची बेरीज १३ आहे. शून्य वर्ज्य आहे. अशा संख्या किती? नियमानुसार बेरजेतून एक वजा करून १२ पासून उतरत्या क्रमाने, स्थानांपेक्षा एक कमी इतके, म्हणजे चार अंक घ्यावेत व त्यांना १, २, ३, ४ यांनी भागून गुणावे:

(१२ × ११ × १० × ९) ÷ (१ × २ × ३ × ४) = ४९५

यामागील विचार सोपा आहे. तेरा खुणा एका ओळीत मांडल्या तर त्यांच्यामध्ये बारा फटी राहतात. त्यांपैकी चार फटींत रेघा ओढल्या की खुणांचे पाच भाग पडतात आणि प्रत्येक भागात किमान एक खूण असते. म्हणून बारांतून चार निवडण्याचे जितके प्रकार तितक्या संख्या. बेरीज ही स्थानांची संख्या अधिक नऊ यांपेक्षा कमी असेल तेव्हाच हा नियम लागू पडतो, कारण त्यापुढे एखाद्या भागात नऊपेक्षा जास्त खुणा येऊ शकतात.

वाहनासाठी पसंतीचा क्रमांक घेताना अंकांची बेरीज ९ यावी, असा अनेकांचा आग्रह असतो. एका मालिकेत असे क्रमांक किती, हा प्रश्न याच नियमाने सुटतो. शून्य नसलेले चार अंक घेऊन बेरीज नेमकी ९ असलेले क्रमांक (८ × ७ × ६) ÷ (१ × २ × ३) = ५६ आहेत. शून्य चालत असेल तर प्रत्येक अंकात एक मिळवून मोजावे. तेव्हा बेरीज १३ होते व उत्तर (१२ × ११ × १०) ÷ (१ × २ × ३) = २२० येते. मुळात बेरीजच ९ असल्याने कोणताही अंक नऊच्या पुढे जात नाही, म्हणून येथे मर्यादेची अडचण नाही.

एकांक बेरीज, म्हणजे पुन्हा पुन्हा बेरीज करून शेवटी येणारा एकच अंक, ९ असावा एवढीच अट असेल तर ९ ने विभाज्य असलेले सर्व क्रमांक चालतात. ते ९९९९ ÷ ९ = ११११ आहेत. त्यांत बेरीज ९ असलेले २२०, १८ असलेले ६७०, २७ असलेले २२० आणि ३६ असलेला ९९९९ हा एकच क्रमांक येतो. दर नऊ क्रमांकांत असा एक क्रमांक असतोच, म्हणजे हा गुण समजला जातो तितका दुर्मीळ नाही.

नष्ट व उद्दिष्ट

सर्व मांडण्या ठरावीक क्रमाने लावल्या तर दोन उलटसुलट प्रश्न निर्माण होतात. अमुक मांडणी कितवी, याला उद्दिष्ट म्हणतात आणि अमुक क्रमावर कोणती मांडणी आहे, याला नष्ट म्हणतात. या संज्ञा छंदःशास्त्रातून आल्या व शार्ङ्गदेवाने त्या स्वरांच्या मांडण्यांना लावल्या. त्यासाठी त्याने खंडमेरू नावाचा कोष्टकरूप आराखडा दिला, ज्याची घरे क्रमगुणितांच्या पटींनी भरलेली असतात.

१, २, ३, ४ यांच्या २४ संख्या चढत्या क्रमाने लिहिल्या तर ४३१२, म्हणजे जालन्याच्या पिन कोडाचे पहिले चार अंक, कितव्या स्थानी येतील? पहिला अंक ४ आहे व त्याहून लहान तीन अंक आहेत, प्रत्येकाने सुरू होणाऱ्या ३! = ६ संख्या आधी येतात, म्हणून १८. पुढचा अंक ३ आहे, उरलेल्यांत त्याहून लहान दोन, प्रत्येकाच्या २! = २ संख्या, म्हणून ४. पुढील १ हा उरलेल्यांत सर्वांत लहान आहे, म्हणून ०. आधी येणाऱ्या संख्या २२, तेव्हा ४३१२ ही तेविसावी संख्या होय.

उलट, सतरावी संख्या कोणती? तिच्या आधी १६ संख्या आहेत. १६ मध्ये ६ दोनदा जातात व ४ उरतात, म्हणून पहिला अंक चढत्या क्रमातील तिसरा, म्हणजे ३. उरलेले अंक १, २, ४. ४ मध्ये २ दोनदा जातात, म्हणून यांतील तिसरा अंक ४. बाकी शून्य, म्हणून पुढे १ व २. उत्तर ३४१२.

कापरेकर यांची क्रिया

दिलेल्या अंकांची पुनर्मांडणी हा देवळाली (जि. नाशिक) येथील शाळाशिक्षक व गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या प्रसिद्ध शोधाचा पाया आहे. सर्व अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यावी. तिच्या अंकांपासून होणाऱ्या सर्वांत मोठ्या मांडणीतून सर्वांत लहान मांडणी वजा करावी आणि उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते व पुढे तीच कायम राहते. १९८१ पासून सुरुवात केल्यास:

९८११ − ११८९ = ८६२२
८६२२ − २२६८ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

चौथ्या पायरीत ०३७८ असे लिहिले आहे. येथे आरंभीचे शून्य टिकवणे आवश्यक असते, म्हणजे या क्रियेत अंकांची ओळ क्रमांकाप्रमाणे हाताळली जाते.

हा नियम सर्व चार अंकी ओळींसाठी खरा आहे हे तपासावयाचे झाल्यास ९९९० ओळी घ्याव्या लागतील असे वाटते. परंतु क्रियेच्या पहिल्याच पायरीत अंकांचा मूळ क्रम नाहीसा होतो. १९८१, ८९११, ११९८ या सर्वांपासून एकच वजाबाकी मिळते. म्हणून अंकांचे वेगवेगळे गट तपासणे पुरेसे आहे. दहा अंकांतून पुनरावृत्तीसह चार अंक, क्रम न पाहता, निवडण्याचे प्रकार (१३ × १२ × ११ × १०) ÷ (१ × २ × ३ × ४) = ७१५ आहेत. सर्व अंक सारखे असलेले दहा गट वगळल्यास ७०५ उरतात. मोजणीच्या या विचाराने काम सुमारे चौदापट कमी होते.

अभ्यासक्रमातील स्थान व नेहमीच्या चुका

महाराष्ट्रात शिष्यवृत्ती परीक्षेपासूनच दिलेल्या अंकांपासून मोठ्यात मोठी व लहानात लहान संख्या तयार करण्याचे प्रश्न येतात. दहावीच्या बीजगणितात संभाव्यतेच्या घटकात दोन अंकी संख्यांचा नमुना अवकाश लिहावा लागतो आणि अकरावीच्या गणितात क्रमचय व समचय हा स्वतंत्र घटक आहे. स्पर्धा परीक्षांतही हे प्रश्न नेहमी असतात. त्यांत वारंवार होणाऱ्या चुका पुढीलप्रमाणे आहेत.

पुनरावृत्तीची अट गृहीत धरणे. अंक दिले आहेत म्हणजे प्रत्येक एकदाच वापरावयाचा, असे प्रश्नात म्हटले नसेल तर ते मानता येत नाही.

आरंभीचे शून्य विसरणे, किंवा क्रमांकाच्या प्रश्नातही ते वगळणे. संख्या विचारली असेल तर शून्य आरंभी चालत नाही. गुप्त क्रमांक किंवा वाहन क्रमांक विचारला असेल तर चालते.

समान अंकांनी भागावयाचे राहणे. ४३१२०३ साठी ७२० असे उत्तर देणे ही याच प्रकारची चूक आहे.

बेरीज व गुणाकार यांची गल्लत. एकापुढे एक येणाऱ्या स्थानांचे पर्याय गुणावेत. एकाच वेळी न घडणाऱ्या प्रकारांची उत्तरे मिळवावीत. वरील सम संख्यांच्या उदाहरणात १२ व १८ यांची बेरीज केली आहे, कारण एककस्थानी एकाच वेळी शून्य आणि दोन असू शकत नाहीत.

उत्तराची खात्री करण्याचा सोपा उपाय म्हणजे तीच अट दोन किंवा तीन अंकांच्या लहान उदाहरणाला लावून सर्व संख्या प्रत्यक्ष लिहून पाहणे. ०, १, २ यांपासून पुनरावृत्तीविना तीन अंकी संख्या २ × २ × १ = ४ येतात आणि १०२, १२०, २०१, २१० या चारच आहेत हे नजरेनेच दिसते.